पन्नाशीत पुन्हा सायकल, आणि सोबतीला घरचा व्यायाम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३ जूनचा जागतिक सायकल दिन जवळ आला की नाशिकमध्ये सायकलफेऱ्या निघतात आणि त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून येतात. आपल्या शहराला सायकलचे प्रेम आहेच. सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा २०१५ मध्ये पूर्ण करणारे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू नाशिकचेच, आणि त्यांचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. तरीही अशा पराक्रमाच्या बातम्या वाचून ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणत बाजूला होणारी, चाळिशी-पन्नाशीतली, कंबर-गुडघे धरलेली माणसे माझ्या आजूबाजूला पुष्कळ आहेत. दीड वर्षापूर्वी मीही त्यांच्यातच होते. हे पत्र त्यांच्यासाठी लिहीत आहे.

मी ५३ वर्षांची शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीत साखर सीमारेषेवर आणि रक्तदाब थोडा वाढलेला आढळला. शाळेचे तीन जिने चढताना मधल्या वळणावर थांबावे लागत होते. एका व्यायामशाळेत वर्षाचे पैसे भरले, परंतु तेथे पहिल्याच आठवड्यात, कोणतीही विचारपूस न करता, मला तरुण मुलांच्या बरोबरीने वजने उचलायला लावली गेली. कंबर धरली आणि मी तेथे जाणे सोडले. नंतर एका रविवारी जिन्याखाली धूळ खात पडलेली मुलीची कॉलेजातली सायकल बाहेर काढली, टायर-ट्यूब बदलून घेतल्या आणि कॉलनीतच दहा मिनिटे फिरवली. पुढचे दोन आठवडे रोज तेवढेच केले. आज वाटते, त्या दहा मिनिटांवर समाधान मानले म्हणूनच पुढचे सगळे घडले.

तिसऱ्या आठवड्यात गुडघा पुढच्या बाजूने दुखू लागला. सायकल आपल्याला मानवत नाही, असे ठरवून मी थांबलेही असते. परंतु आमच्या भागातल्या जुन्या सायकल दुरुस्तीवाल्या काकांनी मला सीटवर बसवले, पायडल अगदी खाली नेले, त्यावर टाच ठेवायला सांगितली आणि म्हणाले, “ताई, आत्ता पाय सरळ व्हायला पाहिजे, तुमचा अजून वाकलेलाच आहे.” त्यांनी सीट दोन-अडीच बोटे वर घेतली. सीट खाली असली की प्रत्येक फेऱ्याला गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीवर ताण येतो, आणि ती फार वर असली तर गुडघ्याची मागची बाजू दुखते. टाचेने सरळ होणारा पाय, चवड्याने पायडल मारताना किंचित वाकलेला राहतो आणि तीच योग्य उंची असते. माझी तक्रार दहा-बारा दिवसांत गेली. गुडघ्याचे निमित्त सांगून सायकल विकून टाकणाऱ्या प्रत्येकाने आधी एवढी एक गोष्ट तपासून पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सायकलला गिअर असतील तर चढावर जोर लावून रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवावेत, त्यानेही गुडघे वाचतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस सायकल चालवली की १५० मिनिटे सहज भरतात. सूचनेचा दुसरा भाग मात्र बहुतेक सायकलप्रेमींच्या लक्षातच येत नाही. सायकल हृदयाला, फुप्फुसांना आणि मांड्यांना उत्तम व्यायाम देते, पण आपले वजन ती स्वतः पेलत असल्यामुळे हाडांवर पुरेसा भार येत नाही, आणि दंड, खांदे, पाठ यांना तर फारसे काम पडतच नाही. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात, म्हणून आम्हा बायकांना नुसत्या सायकलवर विसंबून चालत नाही.

यासाठी घराबाहेर जावे लागत नाही आणि काही विकतही घ्यावे लागत नाही. चहा उकळेपर्यंत मी ओट्याला हात टेकवून टाचा वर-खाली करते आणि मग एकेका पायावर उभी राहते. सुरुवातीला दहा आकडे म्हणेपर्यंत तोल जात असे. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे दहा वेळा, भिंतीला हात लावून जोर दहा वेळा आणि जमिनीवर पाठीवर पडून, गुडघे दुमडून कंबर उचलणे दहा वेळा, एवढ्या तीन गोष्टी मी आठवड्यातून तीन दिवस करते. सहा महिन्यांनी भिंतीची जागा ओट्याच्या कडेने घेतली, कारण शरीर जितके तिरके तितका जोर अवघड होतो. आपल्याकडच्या तालमींतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जोर-बैठकांचेच हे सौम्य रूप आहे. सूर्यनमस्कार मी तीनपासून सुरू केले, आता बारा घालते.

पहिल्या दोन महिन्यांत वजनाचा काटा हललाच नाही, हेही प्रांजळपणे सांगायला हवे. झोप मात्र सुधारली आणि जिना एका दमात चढता येऊ लागला. आठ महिन्यांत पाच किलो वजन उतरले, परंतु त्याआधी मला रात्रीचे जेवण लवकर आणि कमी करावे लागले. रविवारच्या फेरीनंतर तर्री घातलेली मिसळ आणि चार पाव खाल्ले, तर सायकलने खर्च झालेले सारे परत येते. मिसळ नाशिककरांना सोडवणार नाही, मलाही सोडवत नाही, म्हणून मी ती महिन्यातून एकदा खाते. आता सोमेश्वरला जाऊन येणे नित्याचे झाले आहे आणि गेल्या हिवाळ्यात त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले. चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः छातीत दुखणे, दम लागणे किंवा रक्तदाबाचा त्रास असल्यास, आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी, कारण श्रमाने रक्तातील साखर अचानक उतरू शकते.

एक मागणीही आहे. सिंहस्थाच्या निमित्ताने शहरातील अनेक रस्त्यांची कामे होत आहेत. ती करताना रस्त्याची कड सपाट व वाहने उभी न राहणारी ठेवली आणि गटारांच्या जाळ्या चाकाच्या दिशेला आडव्या बसवल्या, तर माझ्यासारख्या कितीतरी स्त्रिया सकाळी साडेसहाला निर्धास्तपणे घराबाहेर पडतील. आज उभ्या दांड्यांच्या जाळीत पुढचे चाक अडकेल या भीतीने मला ऐन वाहतुकीत रस्त्याच्या मध्याकडे सरकावे लागते. शाळांनी आणि कार्यालयांनी आपल्या आवारात सायकलींसाठी छप्पर असलेली, कुलूप लावता येईल अशी चार हात जागा राखून ठेवावी. आमच्या शाळेत मुख्याध्यापकांनी ती दिली आणि आज तेथे शिक्षकांच्या पाच सायकली उभ्या असतात.

आपली नम्र,
एक शिक्षिका, गंगापूर रोड, नाशिक