आबांच्या माघारी

।। श्री अंबाबाई प्रसन्न ।।

कोल्हापूर

चि. सायली हिस आईचे अनेक आशीर्वाद.

काल आबांचं बारावं झालं. तुला सुट्टी मिळाली नाही त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. थोरल्या आत्या म्हणाल्या, पोरगी मिलिटरीच्या ट्रेनिंगमध्ये आहे, आबांनीच तिला परत धाडलं असतं. त्या दिवशी अग्नी द्यायला नेलं तेव्हा पंचगंगेवर माजी सैनिकांची मंडळी आली होती. शेणी रचून झाल्यावर त्यातल्या एका म्हाताऱ्यानं कडक सॅल्यूट ठोकला आणि मग नातवाच्या खांद्याला धरून उभा राहिला. तोवर तुझे बाबा रडले नव्हते.

आबांचंच लिहायला बसलेय. तुझ्या पायाचं विचारायचं नाही असं ठरवलं होतं. पण परवा तुझ्याबरोबरच्या त्या सांगलीच्या मुलीच्या आईचा फोन आला. नडगी सुजलीय आणि तू रात्री पट्टी गुंडाळून सकाळी पुन्हा धावतेस म्हणे. मला रविवारी काय सांगितलंस? 'मी मस्त आहे.'

आबापण मस्तच असायचे. आजींनी ट्रंकेतून त्यांची जुनी पत्रं काढलीत. प्रत्येकात तेच, 'आम्ही खुशाल, तुमची खुशाली कळवणे.' 1971 च्या डिसेंबरनंतरचंही एक आहे. त्यात काय, तर इकडं भातशेती चांगली आहे आणि शेताच्या बांधाचं काय झालं. बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईचं अवाक्षर नाही. ते त्यांनी मला सांगितलं, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, मी तांदूळ निवडत होते तेव्हा. शरण या म्हणून पाठवलेल्या चिठ्ठीला पलीकडच्या पाकिस्तानी कर्नलनं कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून उत्तर दिलं. मग 10 डिसेंबरच्या रात्री ते लोक वेढा फोडून ढाक्याकडं निघाले, आणि वाटेवर आबांची पहिली मराठा, म्हणजे आपली 'जंगी पलटण', बसलेली. 'रात्रभर बोटं मशीनगनला चिकटल्यासारखी झाली होती,' एवढंच म्हणाले आणि ताटातला एक खडा काढून दिला मला. सहा दिवसांनी पलटण ढाक्यात होती. बाबांना यातलं बरंच मी सांगितलंय.

आणि बर्फातल्या पोस्टिंगचं तर तुला ठाऊकच आहे. पायाची दोन बोटं गेली. घरी पत्र, 'आम्ही खुशाल.' सुट्टीवर आले तेव्हा भर मे महिन्यात मोजे काढेनात, तेव्हा कुठं आजींना संशय आला. पुढं सुभेदार झाले, अठ्ठावीस वर्षं नोकरी करून 1990 ला घरी आले, मग बँकेच्या दारात दुनळी घेऊन उभे राहिले, पण पावसाळ्यात तो पाय काय ठणकायचा! रात्री तेल मी लावून दिलंय. म्हणून सांगते, एमआय रूमला, तुमच्या तिथल्या दवाखान्यात, जा. सिक रिपोर्ट केला म्हणून कुणी भित्रं ठरत नाही. मागच्या बॅचला टाकतील ही भीती आहे ना? टाकू देत. हाडाला बारीक चीर गेली असेल आणि त्यावर धावत राहिलीस तर ती वाढते. पुढं जन्मभर...

बघ, सुरू झालं माझं. चिडू नकोस. तुला बोलणार नव्हते.

चांगलं सांगते. तुझी भरती निघाली तेव्हा आबांना ऐंशी होत आलेली. टेंबलाईच्या चढाला तू पळायचीस आणि ते स्कूटरवर मागं, हातात ते जुनं घड्याळ, 1600 मीटर झाले की ओरडून आकडा सांगायचे. गल्लीतल्या बायका मला विचारायच्या, नात आहे का रिक्रूट? लांब उडीला तू दहा फूट ओलांडलेस त्या दिवशी स्वतः जाऊन गंगावेशीतून म्हशीचं धारोष्ण दूध आणलं, तुला पाजलं. मुलीला मिलिटरी पोलिसात घालतात का, असं भावकीतल्यांनी विचारलं तर म्हणाले, घालत नाहीत, ती जातीय. तेव्हा मी आत स्वयंपाकघरात होते, पण ऐकलं.

फक्त अग्निवीरचे नियम वाचून दाखवले तेव्हा ते गप्प झाले होते. चार वर्षं, नंतर शंभरातले फार तर पंचवीस कायम, बाकीच्यांना पेन्शन नाही. 'चांगली पोरं दुखणी लपवणार,' असं म्हणाले. माझ्या डोक्यातून ते जात नाही. बाबा म्हणतात, नाहीच राहिली तर पोलीस भरती आहे, चार वर्षांनी मिळणारे सेवानिधीचे पैसे आहेत. ते बरोबर असेल. पण मोडका पाय घेऊन पोलीस भरती तरी कशी देणार, हे त्यांना सुचत नाही.

पेन्शनवरून आठवलं. गेल्या नोव्हेंबरात आबांचा हयातीचा दाखला मोबाईलवर काढला. फोन म्हणतो डोळे मिचकवा. तर हे तटस्थ बसलेले, मिशा पिळून. 'जमालपूरला डोळा मिटू दिला नाही, आता सरकारच मिचकव म्हणतंय,' असं म्हणाले आणि चार वेळा फोटो फेल घालवला. आता आजींच्या नावावर पेन्शन व्हायची आहे. पलटणीच्या कागदात त्या तारूबाई, आधारवर ताराबाई. बाबा कागद घेऊन हिंडतायत. टाकळीच्या काकांनी येतो म्हटलंय मदतीला.

आबांचं घड्याळ तुला ठेवलंय. कुणी मागितलं तरी दिलं नाही. भडंग आणि मेतकूट पाठवतेय, सगळ्यांना वाट. सांगलीच्या त्या मुलीवर रागवू नकोस, तिच्या आईला मीच खोदून खोदून विचारलं.

रविवारी फोन हातात आला की आधी डॉक्टर काय म्हणाले ते सांग. 'मस्त आहे' म्हणालीस तर बाबांना गाडीत बसवून बंगळूरला पाठवीन.

तुझी,
आई