बोलल्याबद्दल निलंबित झालेल्या हवालदाराला बचाव तरी करू द्या

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी आठवीत असताना वडिलांनी मला एका वर्तमानपत्राला पत्र लिहायला बसवले होते. वडील पोलीस हवालदार. आमच्या पोलीस लाईनीतल्या पाण्याच्या टाकीला झाकण नव्हते आणि त्या पावसाळ्यात लाईनीतली कितीतरी मुले जुलाबाने आजारी पडली होती. मजकूर वडिलांचा, सही आईची, अक्षर माझे. ठाण्याची स्टेशन डायरी वर्षानुवर्षे वडीलच लिहीत, त्यामुळे त्यांचे अक्षर साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना पाठ होते. पत्र छापून आले. दहा-बारा दिवसांत टाकीला झाकण बसले. आईने कात्रण जपून ठेवायला घेतले, तेव्हा वडिलांनी ते तिच्या हातून काढून घेतले आणि बंबात टाकले. मुलांच्या पिण्याच्या पाण्याबद्दल चार खरी वाक्ये लिहिल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती होती, ती मी विसरलेले नाही.

आज मी आपल्याला लिहिते आहे ते एका दुसऱ्या हवालदाराबद्दल. त्यांनी ना बायकोची सही घेतली, ना मुलीचे अक्षर. एका मोठ्या बंदोबस्तावरून परतल्यावर त्यांनी स्वतःच्या नावाने समाजमाध्यमावर लिहिले की, सलग अठरा तास उभे होतो, पिण्याचे पाणी दुपारनंतर आले आणि सोबतच्या महिला शिपायांसाठी जवळपास एकही स्वच्छतागृह नव्हते. शेवटी, वातानुकूलित गाडीतून फेरी मारणाऱ्या वरिष्ठांना हे दिसत नाही, असे एक वाक्य होते. दोन दिवसांत निलंबनाचा आदेश आला. त्यात 'पोलीस दलाची प्रतिमा मलिन केली' आणि 'शिस्तीस न शोभणारे वर्तन केले' एवढेच लिहिले आहे. कोणते वाक्य खोटे, हे कुठेही नाही. त्यांचे नाव आणि जिल्हा मी लिहीत नाही, आपल्या विभागाला ते माहीत आहेतच.

मी त्यांच्या वकिलाच्या खर्चासाठी पैसे दिले आहेत. हे मी जाहीरपणे सांगते आहे, त्याचे कारण पुढे येईलच.

आधी दुसरी बाजू मांडते. ती मला मान्यही आहे आणि माझ्या मते महत्त्वाचीही आहे. पोलीस हा इतर सरकारी नोकरांसारखा नाही. त्याच्या हातात काठी आहे, कमरेला शस्त्र असू शकते, अटक करण्याचा अधिकार आहे. त्याने एखाद्या जातीबद्दल किंवा धर्माबद्दल विखारी मजकूर टाकला, तर त्या समाजातला माणूस उद्या फिर्याद द्यायला ठाण्याची पायरी चढताना दहा वेळा विचार करेल. तपासातली माहिती फोडणे, पीडितेची ओळख उघड करणे, गणवेशात एखाद्या पक्षाचा प्रचार करणे, यांवर कारवाई व्हायलाच हवी. आणि हवालदारांचे ते गाडीबद्दलचे शेवटचे वाक्य मीही लिहिले नसते. तो राग होता, माहिती नव्हती.

राज्यघटनेनेही हा फरक केलेला आहे. अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आणि अनुच्छेद ३३ ने पोलिसांसारख्या दलांच्या बाबतीत ते कमी करण्याचा अधिकार संसदेला दिला. त्यातूनच पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा १९६६ चा कायदा आला. वृत्तपत्रांशी संपर्क आणि लेखन प्रसिद्ध करणे यांवर त्यात बंधने आहेत, पण निखळ साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय लेखन वगळले आहे. म्हणजे पोलिसाने तहानेवर कविता लिहिली तर ती छापता येते, बंदोबस्तावर पाणी मिळाले नाही हे गद्यात लिहिले तर चौकशी लागते. दिल्ली पोलिसांच्या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे निर्बंध वैध ठरवले, हेही मला ठाऊक आहे. पण अनुच्छेद ३३ ने हा अधिकार संसदेला दिला आहे, आणि तोही कर्तव्य नीट पार पडावे आणि शिस्त टिकावी एवढ्याच हेतूने. एखाद्या अधीक्षकाला काय आवडले नाही, यावर तो चालत नाही.

१९६२ साली कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सरकारी नोकरीत शिरल्याने माणूस मूलभूत हक्क गमावत नाही. २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने मत्स्य विभागातल्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात समाजमाध्यमावरील लिखाणाबाबत तेच तत्त्व पुन्हा सांगितले. ही दोन्ही प्रकरणे पोलिसांची नाहीत, म्हणून ती जशीच्या तशी लागू होतील असा माझा दावा नाही. एवढेच म्हणते की हवालदारांचा मुद्दा हास्यास्पद नाही. त्यावर न्यायाधिकरणासमोर, दोन्ही बाजूंनी तयारीनिशी युक्तिवाद व्हायला हवा, इतका तो गंभीर आहे.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम २८ आपल्याला माहीत असेल. रजेवर किंवा निलंबित नसलेला प्रत्येक पोलीस नेहमी कर्तव्यावर आहे असे ते मानते. लहानपणी आम्ही या कलमाच्या छायेतच राहिलो, फक्त त्याचा क्रमांक आम्हाला माहीत नव्हता. दिवाळीच्या पहाटे अंगाला उटणे लावलेले असताना निरोप आला की वडील निघत. माझ्या मनात तेव्हापासून एकच प्रश्न आहे. जो माणूस सदैव कर्तव्यावर आहे, त्याने नागरिक म्हणून बोलायचे कधी? इतर कर्मचारी कचेरी सुटल्यावर संघटनेच्या बैठकीला जातात. पोलिसांना इथे संघटना नाही. १८ ऑगस्ट १९८२ ला मुंबईत पोलिसांचा उद्रेक झाला, लष्कर बोलवावे लागले आणि संघटनेची मान्यता गेली. उरला तो दरबार. तिथे वरिष्ठांसमोर उभे राहून गाऱ्हाणे मांडायचे असते, आणि बहुतेक वेळा गाऱ्हाणे असते त्याच वरिष्ठांबद्दल.

पोलिसाचे म्हणणे ऐकले तर काय घडते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबई पोलिसांची आठ तासांची ड्युटी २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. ती कल्पना, मनुष्यबळाचा सगळा हिशेब मांडून, पुढे आणली त्याच ठाण्यातल्या एका शिपायाने. तेव्हाच्या आयुक्तांनी ती ऐकून घेतली आणि राबवून पाहिली. आमच्या हवालदारांनी लिहिले तेही याच प्रश्नाबद्दल. फरक एवढाच की शिपायाचे म्हणणे आयुक्तांपर्यंत पोहोचले, हवालदारांचे आधी लोकांपर्यंत पोहोचले.

आता मी पैशांकडे येते. या पत्राचे खरे कारण तेच आहे.

निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, असे कायद्याच्या पुस्तकात असते. प्रत्यक्षात पहिले तीन महिने निर्वाह भत्ता साधारण अर्ध्या पगाराइतका मिळतो. मुख्यालयात हजेरी द्यावी लागते, म्हणून दुसरे काम करता येत नाही, आणि नियमही तशी परवानगी देत नाहीत. घराचा हप्ता पूर्णच जातो. मुलांची फी अर्धी होत नाही. अशा स्थितीत त्या माणसाने विभागीय चौकशीला तोंड द्यायचे. समोर विभागाची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी असतो, त्याच्यामागे सगळा विभाग आणि त्याची कागदपत्रे असतात. हवालदारांच्या बाजूला बचाव सहायक म्हणून यायला एखादा सहकारी तयार झाला तर झाला. जो तयार होतो त्याचीही पुढे बदली होईल, ही धास्ती त्याच्या घरच्यांना असते. पुढे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, जायचे तर शासनाची बाजू मांडायला सरकारी वकील असतात, त्यांचे मानधन तिजोरीतून जाते. हवालदारांनी आपला वकील अर्ध्या पगारातून करायचा. मोफत विधी सेवा महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि काही इतर गटांना मिळते, बाकीच्यांना उत्पन्नाची अट आहे. पगारदार पोलीस त्या अटीत बसत नाही.

कर्तव्य बजावताना केलेल्या कृतीबद्दल पोलिसावर खटला भरायचा असेल, तर अनेकदा शासनाची पूर्वमंजुरी लागते. आधी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १९७ होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २१८ आहे. त्याने लाठी चालवली आणि वाद झाला, तर शासन त्याच्यापुढे ढाल धरून उभे राहू शकते. त्यामागचा विचार मला पटतो, भीतीखाली काम होत नाही. मग त्याच पोलिसाने स्वच्छतागृह नव्हते एवढे सांगितले, तर त्याला एकट्याला का सोडायचे?

मी आणि वडिलांच्या काही निवृत्त सहकाऱ्यांनी ठरवले की हवालदारांच्या बचावाचा खर्च आपण वर्गणी काढून करू. तेव्हा कळले की हेही सोपे नाही. सरकारी कर्मचाऱ्याने पूर्वपरवानगीशिवाय निधी गोळा करू नये किंवा वर्गणी स्वीकारू नये, असे वर्तणूक नियमांत आहे. त्या नियमाचा हेतू चांगला आहे, नाहीतर गणवेशाच्या जोरावर कोणी कोणाकडूनही पैसे उकळेल. पण निलंबित माणसाच्या बचावाला तोच नियम लावला, तर ज्याने दोषारोप ठेवला त्याच्याकडेच बचावासाठी पैसे घेण्याची परवानगी मागावी लागते. हवालदारांनी तसा अर्ज केला आहे. उत्तर आलेले नाही. दरम्यान सेवेत असलेल्या एका शिपायाने मला पाचशे रुपये देऊ केले आणि म्हणाला, "ताई, नाव कुठे लिहू नका." मी ते पैसे परत केले, कारण नाव लपवून दिलेल्या पैशांनी उद्या त्याचेच नुकसान झाले असते. मी सरकारी नोकर नाही, म्हणून माझे नाव देणगीदारांच्या यादीत पहिले लावले आहे. वकिलांनाही सांगितले आहे की प्रत्येक रुपयाची पावती फाडायची.

आपल्याकडे मागणी मुख्यतः एकच आहे. त्यांना बचाव निधी स्वीकारण्याची लेखी परवानगी द्या, आणि सेवेतल्या ज्या पोलिसांना त्यात उघडपणे पैसे द्यायचे आहेत त्यांच्यावर कारवाई होणार नाही असे त्याच आदेशात लिहा. हिशेब आपण सांगाल त्या अधिकाऱ्याला दाखवू. पोलीस कल्याण निधीतून अशा प्रकरणांसाठी बिनव्याजी उचल देता येते का, हेही तपासून पाहावे. माणूस निर्दोष ठरला तर खर्च शासनाने सोसावा, दोषी ठरला तर हप्त्याने वळता करावा.

चौकशीत वकील देण्यास नकार देताना, मुंबई बंदर विश्वस्तांच्या प्रकरणातला १९८३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विभागाने वाचावा. मालकाच्या बाजूने कायद्याचा जाणकार उभा असेल, तर दुसऱ्या बाजूला वकील नाकारणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असे त्यात म्हटले आहे. आणि २०१५ च्या अजयकुमार चौधरी प्रकरणानुसार, दोषारोपपत्र न देता निलंबन तीन महिन्यांपलीकडे रेटता येत नाही. आमच्या हवालदारांचा तिसरा महिना सुरू आहे.

शब्दांबद्दलही थोडे सांगते. जुलै २०२५ मध्ये सामान्य प्रशासन विभागाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल सूचना काढल्या. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाते वेगळे ठेवा, ही त्यातली सूचना योग्यच आहे. पण धोरणांवर टीका करू नका या वाक्याचा अर्थ लावायला बसले, तर पाण्याचा टँकर उशिरा आला हे सांगणेही टीकाच ठरू शकते. सैल शब्दांचा फटका पोलिसांनाही बसतो, हे पालघरने दाखवले आहे. २०१२ मध्ये तिथे फेसबुकवरच्या एका मजकुरामुळे दोन तरुणींना अटक झाली आणि नंतर अटक करणाऱ्या अधिकाऱ्यांनाच निलंबित व्हावे लागले. ज्या कायद्यावरून हे घडले ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ, संदिग्ध म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. 'प्रतिमा मलिन करणे' हे शब्द त्याहून नेमके आहेत, असे मला वाटत नाही. म्हणून कारवाईच्या आदेशात नेमके कोणते वाक्य आक्षेपार्ह, ते कोणत्या नियमाविरुद्ध आणि ते खोटे असेल तर खरे काय, हे लिहिणे बंधनकारक करावे.

वडील आता ७९ वर्षांचे आहेत. हे पत्र पाठवण्याआधी मी त्यांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, टाकीची गोष्ट पत्रात राहू दे, आणि या वेळी सही तुझीच कर.

हवालदारांचा परवानगीचा अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षकांमार्फत आपल्या विभागाकडे गेलेला आहे. विभागीय चौकशीची पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी उत्तर मिळाले, तर त्यांना वकील उभा करता येईल.

आपली विश्वासू,
एका निवृत्त पोलीस हवालदाराची मुलगी