विजेवरची बस आली, पण माणसं कुणाची?

दादर, मुंबई
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय श्रीकांत,

तुझं पत्र मिळालं. मेलबर्नच्या ट्रामबद्दल तू भरभरून लिहिलंस. शहराच्या मधल्या भागात तिकीटच लागत नाही, कुणीही चढावं, कुठेही उतरावं, हे वाचून आमच्या घरात बराच वेळ चर्चा रंगली. शेवटी तू विचारलंस, "आपल्या बेस्टच्या सगळ्या गाड्या विजेवर जाणार म्हणे, खरं का?" एका ओळीत सांगण्यासारखं नाही ते. म्हणून सवडीने लिहायला बसलोय.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखरच चांगलं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवरच्या एसी डबलडेकर सुरू झाल्या आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला आपली जुनी लाल डिझेल डबलडेकर रस्त्यावरून गेली. अंधेरीला ४१५ नंबरवर तिची शेवटची फेरी झाली तेव्हा लोकांनी तिला हार घातले. वाईट मलाही वाटलं, नाही असं नाही. पण नव्या गाडीत बसलास की तुझंही मन निवळेल. दोन दरवाजे, वर जायला दोन जिने, आत गारवा. सीएसएमटीहून नरिमन पॉइंटकडे जाताना वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर शहर पुन्हा नव्याने बघतोय असं वाटतं. पायाखाली इंजिनाची ती थरथर नाही. सिग्नलला गाडी थांबली की अगदी सामसूम, शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत नाही.

सगळ्यात जास्त फरक कुणाला पडला असेल, तर बसमध्ये न बसणाऱ्यांना. दादरच्या फूल मार्केटजवळ थांब्याला लागूनच फुटपाथवर एक बाई गजरे विकायला बसतात. जुन्या डिझेल गाडीचा सायलेन्सर खाली, म्हणजे गाडी सुटताना निघणारा काळा भपका थेट बसलेल्या माणसाच्या तोंडावर. त्या पदराने आधी परडी झाकायच्या आणि मग स्वतःचं नाक. आता विजेची गाडी सुटते तेव्हा त्यांचा हात गजऱ्यावरून हलत नाही. डिझेलच्या गाड्या अजून येतात, तेव्हा पदर वर जातोच. वीज कुठे तयार होते, कोळसा किती जळतो, हे सगळे प्रश्न बरोबर आहेत. पण धूर माणसाच्या नाकापासून दूर गेला, याला मी फार मोल देतो.

आणि तू-मी लहान होतो तेव्हा अण्णा जे सांगायचे ते आठव. मुंबईला विजेची गाडी नवी नाहीच. घोड्यांची ट्राम १८७४ ची. ७ मे १९०७ ला विजेची ट्राम धावली, ती चालवायला आणि शहराला वीज पुरवायला १९०५ मध्ये एकच कंपनी निघाली होती. तीच १९४७ मध्ये महापालिकेकडे आली आणि आपली बेस्ट झाली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम आली. त्या काळात वर तारा लावून ट्रॉलीबसही चालवून पाहिली, गोवालिया टँक ते माझगाव, १९६२ ते १९७१. म्हणजे दोनदा आपल्या हातात विजेची वाहतूक होती आणि दोन्ही वेळा आपण ती सोडून डिझेलकडे वळलो. मेलबर्नने मात्र त्याच वर्षांत रॉबर्ट रिसन नावाच्या ट्राम मंडळाच्या प्रमुखाचं ऐकलं. त्याने रूळ काँक्रीटमध्ये असे पक्के बसवून घेतले की पुढे ते उखडायचे म्हटलं तरी महाग पडावं. हट्टी माणूस, पण केवढं काम करून गेला!

आता माझ्या मनात जे सलतंय ते.

अण्णा ट्रामवर कंडक्टर होते. ट्राम बंद झाल्यावर त्यांना बसवर घेतलं. गाडी बदलली, पण अण्णांचा मालक बदलला नाही. पगार तोच, ज्येष्ठता तीच, फंड तोच, आणि निवृत्त झाले तेव्हा ताठ मानेने घरी आले. या वेळी तसं होत नाहीये. विजेची बारा मीटरची एसी बस कोटीच्या घरात जाते. पूर्वी विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघायचा, वीजदराच्या नियमांनी तो रस्ता बंद झाला. बेस्टच्या तिजोरीत पैसा नाही. विजेच्या वाहनांसाठीच्या केंद्राच्या २०१९ च्या फेम योजनेत अनुदान होतं, पण ठेकेदाराने चालवायच्या गाड्यांसाठी. त्यामुळे गाड्या भाड्याने आल्या. याला इथे सगळे 'वेट लीज' म्हणतात. गाडी ठेकेदाराची, ड्रायव्हर ठेकेदाराचा, कंडक्टर बेस्टचा, आणि बेस्ट किलोमीटरमागे पैसे मोजते.

आमच्या चाळीतला एक मुलगा अशाच एका कंपनीत ड्रायव्हर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. तो म्हणतो, "काका, गाडी मस्त आहे. क्लच नाही, गिअर नाही, डावा पाय रिकामा. पण पेडलवर पाय पडला की लगेच झेप घेते. डिझेलवर हात बसलेल्याला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो." पगार कधी दहा तारखेला, कधी वीसला. अशाच तक्रारींवरून ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी ड्रायव्हरांनी संप केला आणि मुंबईचे हाल झाले. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात विजेची बस गर्दीत घुसली, माणसं गेली. ती गाडीही भाड्याचीच होती. चूक नेमकी कुणाची ते कोर्ट ठरवेल. पण नवं यंत्र हातात देण्याआधी माणसाला पुरेसं शिकवायची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न त्या रात्रीपासून माझ्या डोक्यातून जात नाही.

दुसरी गोष्ट गाड्यांच्या आकड्याची. एके काळी चार हजारांवर गाड्या होत्या, आज तीन हजारांच्या आत. जुनी गाडी वय झालं की भंगारात जाते, नवी मात्र ठरल्या वेळेवर येत नाही. प्रवासी अजूनही रोज २५-३० लाख. २०१९ मध्ये किमान भाडं पाच रुपये झालं तेव्हा लोक परत बसकडे वळले होते, मे २०२५ मध्ये ते दहा झालं, एसीचं बारा. धूर न सोडणारी एक गाडी आली आणि धूर सोडणाऱ्या दोन गेल्या, तर ज्याला बस मिळाली नाही तो बाइक घेतो किंवा रिक्षा करतो. मग हवा कशी सुधारणार?

आणि डेपो. चार्जिंगची गन लावायला गाडीला उभं राहायला जागा लागते, उच्च दाबाची वीज लागते, ट्रान्सफॉर्मर लागतो. शहराच्या भागात वीज बेस्टचीच, केबल बेस्टच्याच, डेपो मोक्याच्या जागी. जगात किती वाहतूक संस्थांकडे हे सगळं एका छताखाली असेल? त्या जमिनींवर इमारती उभारून पैसा करायची भाषा कानावर येते तेव्हा पोटात गोळा येतो. एकदा डेपो गेला की गाडी रात्री चार्ज कुठे करणार?

खासगी कंपनीचं नाव काढलं की सगळं वाईट, असं मी म्हणत नाही. तुमच्याकडेही ट्राम चालवायचं काम खासगी कंपनीकडेच आहे, हे ठाऊक आहे मला. पण रूळ आणि डेपो सरकारचे, आणि कंपनी बदलली तरी लोकांना रोजची गाडी रोजच्यासारखी मिळते. आपल्याकडे ठेकेदाराने गाशा गुंडाळला की त्याच्या गाड्याही रस्त्यावरून जातात. हे झालेलं आहे. म्हणून माझा हट्ट एवढाच, की गाड्या भाड्याने घ्यायच्या तर घ्या, पण निदान निम्म्या बेस्टच्या स्वतःच्या असाव्यात आणि ड्रायव्हर सगळे बेस्टने शिकवलेले, बेस्टच्या पगारावरचे असावेत.

एक काम कर. तुझ्या रोजच्या ट्रामच्या ड्रायव्हरशी ओळख असेल तर विचार, नव्या माणसाला किती आठवडे शिकवतात, पहिल्यांदा एकटा गाडी न्यायच्या आधी शेजारी कोण बसतं, आणि कंपनी बदलली तेव्हा त्याच्या नोकरीचं काय झालं. उत्तर नीट तपशिलात लिही. इथे प्रवाशांच्या बैठकीत मला ते मांडायचंय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विजय