गावाचं दूध, एकच कढई

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, एवढ्याशा गावात दूध संस्था टिकते कशी, असं तुम्ही विचारलंत. फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

फ्रान्सच्या दू जिल्ह्यातल्या या डोंगराळ भागात हिवाळा लांबतो. शेती म्हणजे गवत आणि तांबड्या-पांढऱ्या मोंबेलियार्द गाई. दूध गावच्या फ्रुइतिएरमध्ये जातं. ही आपल्यासारखीच सहकारी संस्था, एका सभासदाला एकच मत. फरक एवढाच की दूध टँकरने शहराकडे जात नाही, इथेच त्याचं कोंते चीज होतं. ते गाडीच्या चाकासारखं गोल असतं, म्हणून त्याला चाकच म्हणतात. चाळीसेक किलोच्या एका चाकाला सुमारे ४०० लिटर दूध लागतं. पूर्वी तेवढं कुणा एकाकडे नसायचं, आणि बर्फात वाटा बंद झाल्या तरी टिकेल असं मोठं चीज तर हवं असायचं. म्हणून दूध एकत्र करायची रीत पडली. १३ व्या शतकातल्या कागदपत्रांतही तिचा उल्लेख सापडतो.

दूध कच्चंच वापरतात. पहिल्या धारेपासून २४ तासांच्या आत तांब्याच्या कढईत विरजण आणि रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, पडलंच पाहिजे. अर्ध्या तासात दही लागतं. तारांच्या सुऱ्यांनी ते गव्हाच्या दाण्याएवढं बारीक कापतात, ढवळत ढवळत ५३ अंशांच्या वर नेतात आणि निदान अर्धा तास तसंच ठेवतात. मग निवळी काढून साच्यात दाबतात. पुढे स्प्रूस झाडाच्या फळ्यांवर, मीठ चोळत आणि उलटत, किमान १२० दिवस.

पण खरी मेख गोठ्यात आहे. इथे मुरघासाला, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याला, वर्षभर सक्त बंदी! मातीतले काही जिवाणू मुरघासात वाढतात, शेणातून सडांना लागतात आणि दुधात उतरतात. कढईतल्या उष्णतेने ते मरत नाहीत. काही महिन्यांनी चाकाच्या आत वायू धरतो, चीज फुगतं आणि भेगाळतं. तोवर पैसे आणि मेहनत दोन्ही गेलेली. म्हणून हिवाळ्यासाठी गवत खडखडीत वाळवावंच लागतं. उन्हाची तीन-चार दिवसांची उघडीप मिळाली की सारा गाव शेतात. कापणी, उलटणी, ओळी लावणं, गठ्ठे बांधणं. त्याची यंत्रंही बरेच जण मिळून घेतात, कारण एकट्याला ती परवडत नाहीत. ओलसर गवत रचलं तर ते तापतं, कधी पेटही घेतं.

दुसरं भय औषधाचं. कासदाहावर प्रतिजैविक दिलेल्या गाईचं दूध चुकून मिसळलं, तर विरजणाचे जिवाणूच मरतात आणि सगळ्यांची कढई वाया जाते. म्हणून अशा गाईच्या पायाला रंगीत पट्टा बांधतात, तिचं दूध वेगळं काढतात. माझ्या मते संस्था टिकते ती या धाकाने: आपल्या गोठ्यातली ढिलाई शेजाऱ्याच्या पोटावर येते, हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

शेवटी चाकांना २० पैकी गुण देतात. १४ च्या वर हिरवी पट्टी, १२ ते १४ ला तपकिरी. १२ च्या खाली कोंते हे नावच मिळत नाही. उन्हाळी चीज ओल्या चाऱ्यामुळे पिवळसर, हिवाळी फिकट.

आई, एक गोष्ट तुला आधीच सांगते. रेनेट वासराच्या जठरातून काढतात, त्यामुळे तुला हे चालणार नाही. येताना बाबांसाठी हिरव्या पट्टीचा तुकडा आणते. खायच्या तासभर आधी तो फ्रिजबाहेर काढून ठेवा. तुझ्यासाठी इथल्या रानफुलांचा मध आणते.

तुमची लेक