सूचना: ट्रेलरच्या सुरक्षा साखळ्यांचं चासीकडचं टोक तपासा

सर्व सभासदांनी ट्रेलर जोडण्याआधी वाकून साखळ्यांचं चासीकडचं टोक बघावं. बहुतेकांचं लक्ष फक्त गाडीकडच्या हुकाकडे असतं.

साखळ्या दोन, आणि दोन्ही चासीला बोल्टने बसवलेल्या हव्यात, कपलरला (ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या सांध्याला) नाही. कपलरच निखळला तर त्याला अडकवलेली साखळी काय कामाची? प्रत्येक साखळीची तुटण्याची क्षमता भरलेल्या ट्रेलरच्या कमाल वजनाइतकी तरी असावी: ट्रेलर ३,००० किलोचा, तर एकेक साखळी ३,००० किलोची. बोल्ट ग्रेड ८ किंवा मेट्रिक १०.९ (हे जास्त ताकदीचे दर्जे), सोबत जाड वॉशर आणि नायलॉक नट (आपोआप सैल न होणारा). वॉशर कडीच्या भोकापेक्षा मोठा नसेल तर झटक्यासरशी कडी बोल्टच्या डोक्यावरून निसटते. कडी थेट चासीला वेल्ड करू नका. कडीचं उष्णतेने कडक केलेलं पोलाद वेल्डिंगने तिथेच कमजोर होतं आणि वरून काही दिसतही नाही.

साखळ्या कपलरखालून एकमेकींना छेद देऊन न्या, म्हणजे ट्रेलरचा सुटलेला पुढचा दांडा रस्त्यात न रुतता त्यांच्यावर पडेल. ढील पूर्ण वळण घेण्यापुरतीच. लांब वाटली म्हणून पीळ घालू नका, ताकद घटते. कड्या कमी करा. ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) मात्र साखळीला नाही, गाडीला वेगळी अडकवा.