किट घालायला लागणारी तीन मिनिटं

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात मंडईत आमच्या पेठेतल्या एका बाईंनी मला थांबवलं. त्यांचे यजमान २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. मी सरकारी रुग्णालयातून परिसेविका म्हणून निवृत्त झाले हे त्यांना ठाऊक होतं. म्हणाल्या, "सिस्टर, चार वर्षं विचारीन म्हणतेय. आत ते मशीन ठणाणा वाजत होतं, यांची मान कलंडलेली मला काचेतून दिसत होती, आणि तुमची ती पोरगी बाहेर उभी राहून पायात पिशव्या चढवत होती. तिला धावत जाता आलं नसतं का हो?"

कोथिंबिरीच्या जुड्यांपुढे उभं राहून उत्तर देण्याजोगा हा प्रश्न नव्हता. मी काहीतरी पुटपुटले आणि घरी आले. असा प्रश्न मनात ठेवून जगणारी आणखी पुष्कळ घरं असतील, म्हणून हे पत्र.

हृदय बंद पडलं की आम्ही काय करतो? छाती दाबतो, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. एकजण तोंडावर मास्क धरून अंबू बॅग, म्हणजे श्वास द्यायची रबरी पिशवी, दाबतो, घशातला कफ ओढून काढायला सक्शन लागतं, मग घशातून नळी टाकली जाते. साध्या रुग्णाच्या वेळी हाताशी असतील ते सगळे खाटेवर तुटून पडतात. पण फुफ्फुसात संसर्ग असेल तर यातल्या प्रत्येक कृतीने त्याच्या छातीतली हवा खोलीत उसळते. मास्क गालाशी नीट बसला नाही की बॅगेतली हवा बाजूने फुसकन बाहेर येते. नळी टाकणाऱ्याचं तोंड रुग्णाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतं. २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीत टोरांटोच्या रुग्णालयांत नळी टाकताना हजर असलेले डॉक्टर आणि परिचारिका स्वतःच आजारी पडले होते. २०१८ साली केरळात पेरांब्राच्या तालुका रुग्णालयात निपाह विषाणूच्या रुग्णाची शुश्रूषा करणारी परिचारिका लिनी पुथुसेरी गेली. तिला तर समोरच्याला झालंय काय, हेसुद्धा कुणी सांगू शकलं नव्हतं. म्हणून २०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननेही आपल्या सूचना बदलल्या: आधी संरक्षक पोशाख, म्हणजे किट, मग आत, आणि आत मोजकीच माणसं.

तेव्हा ती पोरगी नियमाने वागत होती. पण बाईंचा प्रश्न एवढ्याने मिटत नाही, हे मलाही कळतं. शॉक देऊन सुरू होण्यासारखं हृदय असेल, तर छाती न दाबता, शॉकविना गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. कोरोनात बहुतेकांचं हृदय ऑक्सिजनअभावी थांबायचं, तिथे शॉकचा उपयोग नसायचा, हेही सांगायला हवं. तीन मिनिटं वाचली असती म्हणून यजमान वाचले असते असं मी म्हणणार नाही. पण ती तीन मिनिटं गेली कशात? किट घालण्यात, असं सगळे म्हणतील. माझ्या मते ती ड्युटीच्या तक्त्यात गेली. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका असा नियम आहे. दुसऱ्या लाटेत माझ्या विभागात आठ जणांमागे एक असायची. ती किटमध्ये घामाने निथळत सहा तास काढायची, पाणी प्यायला बाहेर आली की आत कुणीच नसायचं. आणि मॉनिटर नेमका तेव्हाच वाजायचा.

आम्ही ठेच लागून शिकलो. कितीही ओढाताण झाली तरी एकजण पूर्ण किटमध्ये आतच राहील. दुसरी आत आल्याशिवाय पहिली बाहेर पडणार नाही. अख्खी क्रॅश ट्रॉली, म्हणजे आणीबाणीच्या औषध-सामानाची गाडी, आत न्यायची नाही, ॲड्रिनलिन, सिरिंज, नळी, नळीला वाट दाखवणारी बोगी यांची तयार पिशवी दाराशी टांगलेली. अंबू बॅग आणि मास्क यांच्यामध्ये फिल्टर आधीच बसवून ठेवलेला. व्हेंटिलेटरची नळी सोडवायची वेळ आली तर आधी मशीन थांबवायचं, नळीला चिमटा लावायचा, मगच सोडवायची. पालथ्या झोपवलेल्या रुग्णाचं हृदय थांबलं तर सुलटं करायला पाच-सहा माणसं लागतात. तेवढी नसतील तर पाठीवरूनच, खवाट्यांच्या मधे दाबायला सुरुवात करायची. किटमध्ये कोण कुठली हे ओळखू येत नसे, म्हणून छातीवर स्केचपेनने नाव लिहायचो. एका रेसिडेंट डॉक्टरच्या छातीवर मुलींनी 'बाळ' लिहिलं होतं. तो पोरगा दिवसाला दहा-दहा नळ्या टाकायचा.

कोरोना गेला, आता हे उगाळून काय उपयोग, असं कुणी म्हणेल. पण टीबी कुठे गेलाय? रात्री दोनला दम लागलेला माणूस येतो, निळा पडलेला असतो, आमच्या तोंडावर साधा मास्क असतानाच नळी टाकली जाते. थुंकीचा अहवाल दोन दिवसांनी येतो, तोवर सगळ्यांनी त्याचं सक्शन केलेलं असतं. माझ्या हाताखालच्या एका अधिपरिचारिकेला असाच टीबी लागला. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, आणि सासरी कळू नये म्हणून डबा बांधून घ्यायचा तशा गोळ्या पिशवीत लपवून न्यायची. स्वाइन फ्लूही आहेच. २००९ मध्ये देशातला त्याचा पहिला बळी पुण्यातच गेला होता.

आणि हवा. अतिदक्षता विभागात भिंतीवर स्प्लिट एसी लावला की काम झालं असं आपल्याकडे समजतात. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. म्हणजे खाट क्रमांक एकच्या खोकल्याचा वाटा खाट क्रमांक सहालाही. संसर्गाच्या रुग्णाची खोली अशी हवी की तिथली हवा तासाला निदान बारा वेळा बदलेल आणि दारातून बाहेर न येता आत ओढली जाईल. हे तपासायला इंजिनिअर लागत नाही. दार मिटून खालच्या फटीशी टिश्यू पेपरची पट्टी धरायची. पट्टी आतल्या बाजूला झुकली तर ठीक. बाहेर फडफडली तर बाहेर बसलेले नातेवाईकही त्या हवेत आहेत. हे करताना वायरिंगकडे मात्र काणाडोळा नको. एप्रिल २०२१ मध्ये विरारला आणि नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटले, तेव्हा नळ्यांनी खाटेला जखडलेल्यांना पळताही आलं नाही. ऑक्सिजनने भरलेल्या खोलीत ठिणगीला निमित्त पुरतं.

यंत्रांवर खर्च झाला नाही असं मी म्हणत नाही. व्हेंटिलेटर आले, त्यांच्यासोबत फोटोही निघाले. पण ते चालवायला शिकलेल्या मुली तीन-तीन महिन्यांच्या करारावर होत्या, लाट ओसरली तशा घरी गेल्या. शिकवलेलं सगळं त्यांच्याबरोबर गेलं. आता पुढच्या वेळी पुन्हा नव्या मुलींना पहिल्यापासून सांगायचं: आधी हातमोजे की आधी गाऊन. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हवा आत ओढणारी अशी एक तरी खोली असावी, प्रत्येक पाळीत किट घातलेली एक परिचारिका तिथे असावी, आणि महिन्यातून एकदा बाहुलीवर घड्याळ लावून सराव व्हावा. मॉनिटर वाजल्यापासून छातीवर हात पडेपर्यंत किती सेकंद गेले, ते विभागाच्या फळ्यावर लिहावं.

परवा मी त्या बाईंच्या घरी गेले. चहा घेताना हे सगळं सांगितलं. त्यांनी निमूट ऐकून घेतलं, मग विचारलं, "ती एकटी होती, तर दुसरी कुठे होती?" त्या रुग्णालयात त्या रात्री किती जणी होत्या मला माहीत नाही. माझ्या विभागाचं सांगितलं: दुसरी नव्हती.

पत्राखाली माझं नाव छापू नये ही विनंती. माझी भाची सध्या अतिदक्षता विभागातच आहे, करारावर.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, सातारा