पाककृती वाढल्या, शेगडी तीच : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शालेय पोषण आहारातील पाककृती, इंधन-भाजीपाल्याची रक्कम आणि अंडे

महोदय,

नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे आले. जून २०२४ मध्ये तीन संरचित आहार, म्हणजे तांदूळ-डाळीचा पदार्थ, मोड आलेले कडधान्य आणि गोड पदार्थ असा तीन भागांचा आहार आला. जानेवारी २०२५ मध्ये पाककृती पुन्हा बदलल्या, आणि अंडी व साखरेसाठी शासन पैसे देणार नाही, ते लोकसहभागातून उभे करावेत, असे ठरले. प्रत्येक शासन निर्णयाने शाळेच्या भिंतीवरचा पाककृतींचा तक्ता बदलला. शाळेतली शेगडी, राबणारे हात आणि मुख्याध्यापकाच्या हातातली रोकड मात्र होती तेवढीच राहिली. पाककृतींवर आमचा राग नाही, त्यातल्या बऱ्याचशा चांगल्या आहेत. पण त्या शिजवायला जे लागते त्याचा हिशेब आधी झाला पाहिजे, एवढेच मागणे आहे.

पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे निकष असा : धान्य १०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत. पट (शाळेतील मुलांची संख्या) ६० असेल तर रोज ६ किलो तांदूळ, १ किलो २०० ग्रॅम डाळ, ३ किलो भाजी आणि ३०० ग्रॅम तेल लागते. तांदळातून ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिने येतात, डाळीतून साडेचार ते पाच. म्हणजे सगळे काटेकोर मोजून पडले तरच १२ चा आकडा कसाबसा गाठला जातो. पुरवठ्याला उशीर झाला आणि असलेली डाळ पुरवून वापरायची म्हणून मुलामागे १२ ग्रॅमवर आली, की प्रथिने थेट १० च्या खाली जातात. नोंदवहीत त्या दिवशीही ‘मूगडाळ खिचडी’ असेच लिहिलेले असते.

१ मे २०२५ पासून आहार खर्चाचा दर एका मुलामागे दिवसाला प्राथमिकला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे आहे. ६० मुलांचे रोजचे ४०६ रुपये ८० पैसे होतात. आता १२ पटाची वाडीवरची शाळा घ्या. तिला दिवसाला ८१ रुपये ३६ पैसे मिळतात, त्यातही डाळ, तेल, मसाला पुरवठादाराकडून येत असेल तर तो वाटा वजा होतो. उरलेल्यात गॅस किंवा लाकूड आणि ६०० ग्रॅम भाजी बसवायची. मुले पाचपट कमी झाली म्हणून इंधन पाचपट कमी होत नाही. शेगडी पेटवणे, पाणी उकळणे, डाळ शिजेपर्यंत थांबणे हे सगळे तसेच राहते. सिलिंडर आणायला गाडीभाडे पडते ते निराळेच. बाजार आठवड्यातून एकदाच. मंगळवारी बाजार भरत असेल तर पालेभाजी बुधवारी संपते, आणि शुक्रवारी पातेल्यात बटाट्याशिवाय दुसरे काही नसते. कोकणातल्या, मेळघाटातल्या, गडचिरोलीतल्या छोट्या शाळा याच हिशेबावर चालतात. इंधनाची रक्कम पटावर मोजणे इथे चूकच आहे. ३० पेक्षा कमी पटाच्या शाळेला इंधनासाठी दरमहा ठरावीक किमान रक्कम द्यावी आणि पटानुसारचा हिशेब त्यावर सुरू करावा.

दुसरी गोष्ट, पैसे कधी मिळतात. इंधन-भाजीपाल्याची रक्कम शाळेच्या खात्यावर महिनोन्‌महिने उशिरा येते. तोवर मुख्याध्यापक किराणा दुकानात उधारी करतात, बचत गट स्वतःचे पैसे घालतो, भाजीवालीचे राहून जाते. यात एक गोम आहे. २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांनुसार धान्य किंवा पैसे नसल्यामुळे जेवण शिजले नाही, तर मुलांना पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत अन्नसुरक्षा भत्ता द्यावा लागतो. सलग तीन शालेय दिवस, किंवा महिन्यात पाच दिवस जेवण बंद राहिले, तर जबाबदारी निश्चित करावी लागते. पण उधारीवर का होईना, जेवण शिजते. त्यामुळे कागदावर खंड कधी दिसतच नाही. दुकानदाराच्या वहीतली थकबाकी मंत्रालयाच्या पोर्टलवर येत नाही. दैनंदिन उपस्थिती भरायच्या ॲपमध्येच ‘आजअखेर देय रक्कम’ असा एक रकाना जोडा, म्हणजे कोणत्या तालुक्यात किती उधारी आहे ते एका नजरेत कळेल. आणि किमान दोन महिन्यांची रक्कम आगाऊ जमा करा.

आता मोड आलेल्या मटकीबद्दल थोडे सविस्तर, कारण तक्ता करणाऱ्यांचे सर्वांत जास्त दुर्लक्ष इथेच होते. मटकी आठ तास भिजवावी लागते, मग पाणी निथळून कापडात बांधून थंडीत दीड दिवस तरी ठेवावी लागते. सोमवारी उसळ लिहिली तर भिजवण शनिवारी, आणि रविवारी कुलूपबंद शाळेत ती बघायला कोणी नसते. मार्च-एप्रिलमध्ये दिवसातून दोनदा धुतली नाही तर मोड चिकट होतात, आंबूस वास येतो. मग ती टाकावी लागते, नाहीतर न भिजवलेली मटकी किंवा चवळी तशीच शिजायला ठेवली जाते. बोअरचे पाणी जड असेल तर चवळी दोन-दोन तास शिजत नाही. मग कोणीतरी सोडा टाकतो. कडधान्य मऊ पडते, पण ब-१ जीवनसत्त्वाचे नुकसान होते. टोमॅटो, चिंच किंवा आमसूल आधी घातले तर दाणा आणखीच टणक राहतो. आंबट नेहमी कडधान्य शिजल्यावरच घालायचे. यावर उपाय साधे आहेत. उसळ बुधवार ते शनिवारमध्येच ठेवा, वार ठरवायचा अधिकार शाळेला द्या, आणि प्रत्येक शाळेला मोठा कुकर किंवा झाकण घट्ट बसणारे जाड बुडाचे पातेले द्या. इंधन वाचते ते झाकणाने. परिपत्रकाने आजवर वाचलेले नाही.

तेलाचे सांगायचे तर निकष ग्रॅममध्ये आहे आणि पिशवी लिटरची येते. सोयाबीन तेलाच्या एका लिटरचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. साठ्याच्या नोंदीत लिटर म्हणजे किलो धरले की महिनाअखेरीस तूट दिसते आणि स्वयंपाकीणबाईंकडे संशयाने पाहिले जाते. पुरवठ्याच्या पावतीवर दोन्ही मापे छापा.

गुणसंवर्धित तांदळाचीही अशीच अडचण. शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळलेले, लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ असलेले दाणे रंगाने थोडे वेगळे असतात, धुताना कधी वर तरंगतात. ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून ते निवडून फेकले जातात. एका पालक सभेत मूठभर तांदूळ हातावर घेऊन हे समजावले तर काम होईल.

अंड्याबद्दल मात्र आमचे मत ठाम आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे प्राथमिकच्या मुलाच्या दिवसाच्या निकषाच्या निम्मी. डाळ कमी पडली तर ती भरून काढणारा याहून सोपा पदार्थ नाही : सोलायचे आणि द्यायचे. त्यात पाणी घालून वाढवता येत नाही. मुलाला मिळाले की नाही हे त्याची आईसुद्धा विचारून तपासू शकते. २०२३ मध्ये अंड्यासाठी धरलेला ५ रुपयांचा दर थंडीत बाजारभाव चढला की अपुरा पडायचा, ही अडचण खरी होती. त्यावर उपाय दर तिमाहीला दर ठरवणे हा होता, पैसेच बंद करणे हा नव्हे. लोकसहभाग जिथे सहज जमतो त्या गावांत मुलांच्या घरी अंडी असतातच. जिथे ऊसतोडीला अर्धे गाव गेलेले असते तिथे वर्गणी कोणाकडे मागायची? न खाणाऱ्यांना केळी देण्याची सोय आधीच्या निर्णयात होतीच, ती तशीच ठेवा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये न्याहारीचाही उल्लेख आहे. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये ती सुरू केली आणि पुढच्या वर्षी सरकारी प्राथमिक शाळांत सगळीकडे नेली. आपल्याकडे ती यावी, जरूर यावी. पण २,५०० रुपये मानधनावर, तेही वर्षातले दहा महिने, दुपारचे जेवण करणाऱ्या बाईंनाच सकाळी आठला बोलावून नव्हे. निकषाप्रमाणे २५ पटापर्यंत एकच स्वयंपाकी असते. त्याच बाई पाणी आणतात, निवडतात, शिजवतात, वाढतात, भांडी घासतात. न्याहारीला वेगळे मानधन, वेगळे इंधन आणि दुसरी शेगडी धरूनच प्रस्ताव करावा.

पुढचा पाककृतींचा शासन निर्णय काढण्याआधी प्रत्येक पाककृती १२, ६० आणि २०० पटासाठी एकेका प्रत्यक्ष शाळेत शिजवून पाहावी, आणि लागलेला गॅस, वेळ, पाणी व खर्च त्याच निर्णयाच्या परिशिष्टात छापावा. त्यासाठी शाळा सुचवायला आणि वजनकाटा घेऊन उभे राहायला आम्ही तयार आहोत.

आपले,
शालेय पोषण आहाराच्या कामातील काही मुख्याध्यापक, स्वयंपाकी-मदतनीस आणि शाळा व्यवस्थापन समिती सदस्य